लायब्ररी सोडून थेट ब्राउझरशी बोलताना: क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात शनिवारी दुपारी ओळखीची मुलंमुली अडलेली कामं घेऊन येतात. हल्ली दर दुसऱ्या लॅपटॉपवर तीच तक्रार असते: "ताई, प्लेराइटमध्ये नीट चालत होतं. थेट सीडीपीवर आणलं आणि आता मधेच गोठतं, एररसुद्धा देत नाही." कोड उघडला की कारणही बहुतेक तेच निघतं. प्लेराइट ही ब्राउझर कोडमधून चालवणारी लायब्ररी काढून टाकली, पण ती न सांगता जी कामं उरकत होती ती कुणीच अंगावर घेतली नाहीत.

सीडीपी म्हणजे क्रोम डेव्हटूल्स प्रोटोकॉल. तुमचा प्रोग्राम आणि क्रोम यांच्यात एक वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी असते, त्यावरून जेसनमध्ये कमांड जातात, उत्तरं येतात आणि मधूनमधून ब्राउझर स्वतःहून इव्हेंट पाठवतो. प्लेराइट आणि तशीच दुसरी लायब्ररी पपेटियर, दोन्ही क्रोमियमशी याच प्रोटोकॉलमधून बोलतात. म्हणजे खाली उतरून तुम्हाला वेगळी शक्ती मिळत नाही. मधला माणूस जातो, आणि त्याची जबाबदारी तुमच्याकडे येते.

उदाहरण म्हणून एक काम धरलं आहे: साइटवरची चलनं (पावत्या) एकेक करून पीडीएफमध्ये उतरवणं. लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन स्पेलिंग तुमच्याच ब्राउझरकडून घ्या. ते कुठे मिळतं हे टप्पा १ मध्ये आहे.

## टप्पा ०: उतरायचं की नाही, हे आधी ठरवा

प्लेराइटमध्ये एक क्लिक लिहिता तेव्हा ते बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू अवस्थेत आहे का, आणि त्या जागी क्लिक केलं तर ते त्यालाच लागेल की वरच्या एखाद्या थराला, एवढं सगळं आधी तपासलं जातं. सीडीपीत यातलं काहीही आपोआप होत नाही. त्या बिंदूवर माउस दाबा म्हटलं की ब्राउझर दाबतो. खाली बटण असो वा नसो.

खाली उतरायला माझ्या मते दोन कारणं पुरेशी आहेत. पहिलं, लायब्ररी जे उघड करत नाही किंवा स्वतःच्या पद्धतीने गिळून टाकते ते तुम्हाला हवं आहे: टॅब नेमका कधी कोसळला, कोणती विनंती कुठे अडकली, कोणत्या फ्रेममध्ये काय झालं. दुसरं, पानावरच्या शेकडो घटकांची माहिती वारंवार काढायची आहे आणि प्रत्येक प्रश्नाला मधली उडी महाग पडते आहे. पायथनमधलं प्लेराइट पाठीमागे नोड-जेएसची वेगळी प्रोसेस चालवतं. छोट्या कामात ते जाणवत नाही, हजारो प्रश्नांत जाणवतं.

माणसाने स्वतः ओटीपी टाकून लॉगिन केलेल्या ब्राउझरला जोडायचं आहे, एवढं एकच कारण असेल तर थांबा. पपेटियर आणि प्लेराइट दोन्ही चालू क्रोमला जोडता येतात.

फायरफॉक्स किंवा सफारीवर काम चालायला हवं असेल तर सीडीपीचा विषयच संपला. सफारी हा प्रोटोकॉल बोलत नाही, आणि फायरफॉक्सने आपला अर्धवट आधार सोडून वेबड्रायव्हर बायडाय या दुसऱ्या प्रोटोकॉलचा रस्ता धरला आहे.

मधली वाट: पपेटियर आणि प्लेराइट दोन्हींतून चालू पानाचं सीडीपी सेशन मागता येतं. नव्वद ओळी लायब्ररीच्या आणि पाच ओळी थेट प्रोटोकॉलच्या, असा कोड पूर्ण सभ्य असतो. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांना मी इथूनच परत पाठवते.

## टप्पा १: ब्राउझर वेगळा मांडा

क्रोम सुरू करताना रिमोट डीबगिंग पोर्टचा फ्लॅग द्यायचा, नेहमीचा क्रमांक ९२२२. त्याच्या जोडीला यूजर डेटा डिरेक्टरीचा फ्लॅग देऊन कामासाठी वेगळं फोल्डर द्यायचं. आवृत्ती १३६ पासून क्रोम त्याच्या नेहमीच्या प्रोफाइल फोल्डरवर डीबगिंग पोर्ट उघडतच नाही. "काल चालत होतं, अपडेटनंतर बंद" या तक्रारीचं मूळ बरेचदा हेच असतं.

दुसरा घोळ त्याहून साधा. त्याच फोल्डरवर एक क्रोम आधीच चालू असेल, तर तुमची नवी कमांड त्या जुन्या क्रोममध्ये एक खिडकी उघडून गप्प संपते. पोर्ट उघडत नाही, चूकही दिसत नाही.

एकाच मशिनवर चार ब्राउझर चालवणार असाल तर पोर्ट ० द्या. क्रोम मोकळा पोर्ट स्वतः निवडतो आणि त्याचा क्रमांक डेटा फोल्डरमधल्या डेव्हटूल्स-ॲक्टिव्ह-पोर्ट नावाच्या फाइलमध्ये लिहितो. फाइल तयार होईपर्यंत थांबा, मग वाचा. मागच्या वेळची शिळी फाइल आधी पुसायला विसरू नका.

सावध: या पोर्टला पासवर्ड नसतो. जो तिथे पोहोचला त्याला उघड्या टॅबमधलं सगळं मिळतं, कुकीसकट, आणि पानाच्या जावास्क्रिप्टपासून लपवलेल्या कुकीसुद्धा. पोर्ट १२७.०.०.१ वरच राहू द्या. दुसऱ्या मशिनवरून हवाच असेल तर एसएसएच बोगद्यातून न्या. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हा पोर्ट ऑफिसच्या वायफायवर सगळ्यांना खुला होता, आणि त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं पान उघडं होतं. मी तिथे पोचल्यावर पहिलं काम तो बंद करण्याचं केलं.

तपासा: लोकलहोस्टवर त्या पोर्टच्या /जेसन/व्हर्जन या पत्त्यावर ब्राउझरची आवृत्ती आणि वेबसॉकेटचा पत्ता दिसला पाहिजे. /जेसन/प्रोटोकॉल या पत्त्यावर तुमच्याच आवृत्तीला समजणाऱ्या सगळ्या कमांड, त्यांचे पॅरामीटर आणि कोणती प्रायोगिक आहे हे मिळतं. ती फाइल जतन करा, शेवटच्या टप्प्यात लागेल.

## टप्पा २: वेबसॉकेट जोडा

दोन पत्ते मिळतात: अख्ख्या ब्राउझरचा आणि एकेका पानाचा. शिकताना पानाचा सोपा वाटतो, पण नवा टॅब उघडला की तिथे हात टेकावे लागतात. सुरुवातीपासून ब्राउझरच्याच पत्त्याला जोडा.

इथे दोन ठेचा हमखास लागतात.

जोडताच ४०३ आलं तर तुमचं वेबसॉकेट पॅकेज ओरिजिन हेडर (विनंती कुठून आली ते सांगणारी ओळ) पाठवतं आहे. आवृत्ती १११ पासून क्रोम अनोळखी ओरिजिनला दार उघडत नाही. पायथनच्या वेबसॉकेट-क्लायंटमध्ये तो हेडर दाबायची सोय आहे, ती वापरा. रिमोट-अलाऊ-ओरिजिन्स फ्लॅगमध्ये तारका टाकून सगळ्यांना वाट मोकळी करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका.

दुसरी ठेच उशिरा लागते, म्हणून जास्त छळते. पायथनचं वेबसॉकेट्स पॅकेज मुळात १ एमआयबीहून (सुमारे १ एमबी) मोठा संदेश घेत नाही, १००९ कोड देऊन जोडणीच तोडतं. स्क्रीनशॉट आणि पीडीएफ बेस६४ मध्ये, मजकुराच्या रूपात येतात, म्हणजे मूळ आकाराच्या सुमारे एक-तृतीयांश जास्त. छोट्या पानांवर चाचणी पास होते आणि खरं लांबलचक चलन आलं की जोडणी तुटते. मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवा.

## टप्पा ३: एकच वाचक ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात वेगळ्या रूपात भेटते.

तुम्ही पाठवलेल्या कमांडमध्ये आयडी, मेथड आणि पॅरामीटर असतात. उत्तरात तोच आयडी परत येतो, सोबत रिझल्ट किंवा एरर. इव्हेंटला आयडी नसतो. आणि हे सगळं एकाच तारेवरून, मिसळून येतं. "कमांड पाठव, पुढचा संदेश वाच, तेच उत्तर समज" असा कोड पहिल्या पाच मिनिटांत चालतो, कारण तोवर एकही इव्हेंट चालू केलेला नसतो. पेज.एनेबल (पानाचे इव्हेंट चालू करणारी कमांड) दिलं की इव्हेंट मधे घुसतात आणि उत्तरं एकमेकांच्या गळ्यात पडतात.

रचना अशी ठेवा. वेबसॉकेटवरून वाचणारं एकच टास्क असेल. आयडी असलेला संदेश आला की ते टास्क त्या आयडीची वाट पाहणाऱ्याला उत्तर देईल. आयडी नसेल तर संदेश इव्हेंटच्या रांगेत टाकेल. बाकी कुणी त्या सॉकेटवरून वाचायचं नाही.

प्रत्येक कमांडला वेळमर्यादा हवी. आणि जोडणी तुटली किंवा टॅब गेला की वाट पाहणाऱ्या सगळ्या कमांडना लगेच अपयश कळवायला हवं. हे दुसरं जवळजवळ कुणीच लिहीत नाही. मग स्क्रिप्ट रात्रभर नसलेल्या टॅबच्या उत्तराची वाट पाहत बसते.

सावध: वाचणाऱ्या टास्कच्या आतूनच, इव्हेंट हाताळताना, नवी कमांड पाठवून तिच्या उत्तरासाठी थांबू नका. उत्तर वाचणारा तोच आहे आणि तोच थांबलेला आहे. ती कमांड वेगळ्या टास्कमध्ये सोडा. "गोठतं पण एरर नाही" याचं पहिलं कारण हेच.

तपासा: टप्पा ४ मधलं सेशन जोडलं की त्याहून पुढे जाण्याआधी एक चाचणी घ्या. पन्नास रनटाइम.इव्हॅल्युएट एकदम सोडा, प्रत्येकाला वेगळी संख्या परत करायला सांगा, आणि ज्याचं उत्तर त्यालाच मिळालं का ते पाहा. मग टॅब हाताने बंद करून पन्नासांतले अडकलेले सगळे लगेच सुटतात का ते पाहा.

## टप्पा ४: सेशन

टार्गेट म्हणजे ब्राउझरमधली जोडता येणारी एकेक गोष्ट, बहुतेकदा टॅब; सेशन म्हणजे त्याच्याशी केलेली जोडणी. टार्गेट.अटॅच-टू-टार्गेटला फ्लॅटन खरं असं सांगून जोडा. मिळालेला सेशन आयडी त्या टॅबच्या प्रत्येक कमांडवर लावायचा. तो विसरलात की कमांड ब्राउझरकडे जाते आणि "अशी मेथड नाही" असं उत्तर येतं. लोक मग तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

दुसऱ्या साइटवरचा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) क्रोममध्ये वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो आणि त्याचं टार्गेटही वेगळं असतं. पेमेंटची चौकट "सापडत नाही" ती यामुळे. टार्गेट.सेट-ऑटो-अटॅच लावा, म्हणजे असे आयफ्रेम आपोआप जोडले जातील; मिळालेल्या प्रत्येक सेशनवर हीच कमांड पुन्हा द्या. सुरुवातीलाच थांबवून ठेवण्याचा पर्याय निवडला असेल, तर प्रत्येक नव्या सेशनला रनटाइम.रन-इफ-वेटिंग-फॉर-डीबगर पाठवून सोडावं लागतं. नाहीतर ते कायम पांढरं राहतं.

एनेबल केलेलं डोमेन (पेज, डॉम असा कमांडचा गट) त्या सेशनपुरतंच असतं. नवं सेशन, नवं एनेबल.

## टप्पा ५: पान उघडा आणि खरी वाट पाहा

क्रम असा:

१. पेज.एनेबल आणि पेज.सेट-लाइफसायकल-इव्हेंट्स-एनेबल्ड.
२. कोणत्या इव्हेंटची वाट पाहायची त्याची नोंद तुमच्या वाचकाकडे करा.
३. त्यानंतर पेज.नेव्हिगेट.
४. उत्तरात एरर-टेक्स्ट आहे का ते बघा.
५. उत्तरातला लोडर आयडी (पान उघडण्याच्या त्या खेपेची ओळख) आणि इव्हेंटमधला लोडर आयडी एकच आहे का ते जुळवा.

दोन आणि तीनची अदलाबदल ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक. आधी नेव्हिगेट, मग "आता लोड इव्हेंटची वाट पाहू". पान जलद असलं की इव्हेंट तोवर येऊन गेलेला असतो. ऑफिसच्या जलद लाइनवर स्क्रिप्ट अडकते आणि घरच्या संथ नेटवर चालते. मुलं नेटला दोष देतात, तोही उलटा.

चौथी पायरी गाळली तर पत्ता सापडला नाही तरी कमांड यशस्वी दिसते, कारण नेव्हिगेट करण्याची विनंती ब्राउझरने स्वीकारलेली असते. पाचवी गाळली तर आधीच्या पानाचा उशिरा आलेला इव्हेंट नव्या पानाचा समजला जातो. एकाच पानातल्या उडीला, म्हणजे पत्त्यातलं हॅशनंतरचं बदललं तर, लोडर आयडी येतच नाही आणि लोड इव्हेंटही नाही. तिथे वाट पाहत बसू नका.

लोड झालं म्हणजे तुमची यादी पानावर आली असं नाही. नेटवर्क-आयडल इव्हेंटवरही विसंबू नका. दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहणाऱ्या पानावर ती शांतता येतच नाही. तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते विचारा: "चलनांच्या तक्त्यात निदान एक ओळ आहे आणि 'लोड होत आहे' ही पाटी गेली आहे." ही अट रनटाइम.इव्हॅल्युएटमधून पानातच प्रॉमिस म्हणून लावा, अवेट-प्रॉमिस खरं ठेवा, आणि प्रॉमिसलाही वेळमर्यादा द्या. पाच सेकंद झोपणारी ओळ मात्र कुठेही लिहू नका. ती आज जास्त असते आणि महिनाअखेरीला कमी पडते.

सावध: पानातला जावास्क्रिप्टचा अपवाद प्रोटोकॉलची एरर म्हणून येत नाही. रिझल्टच्या आत एक्सेप्शन-डिटेल्स असतात, ते दर वेळी तपासा. हे न तपासता "यशस्वी" म्हणणाऱ्या स्क्रिप्टने आमच्याच एका कामात आठवडाभर रिकाम्या फाइली साठवल्या होत्या. तेव्हापासून ही तपासणी मी कमांड पाठवणाऱ्या फंक्शनच्या आतच घालते, वरच्या कोडला विसरायची सोयच ठेवत नाही.

## टप्पा ६: क्लिक आणि टायपिंग

घटक शोधल्यावर त्याचा नोड आयडी जपून ठेवू नका, डॉम.डॉक्युमेंट-अपडेटेड आला की ते सगळे रद्द होतात. बॅकएंड नोड आयडी जास्त टिकतो, पण रिॲक्टसारख्या पानांवर घटकच नवा बनतो. म्हणून क्लिकच्या अगदी आधी शोधा.

मग डॉम.स्क्रोल-इंटू-व्ह्यू-इफ-नीडेड, नंतर डॉम.गेट-कंटेंट-क्वाड्स, त्यातून मध्यबिंदू. मध्यबिंदूवर सध्या कोण आहे हे डॉम.गेट-नोड-फॉर-लोकेशनने विचारा. तिथे कुकीच्या परवानगीची पट्टी बसलेली असेल तर आधी तिचा निकाल लावा. त्यानंतर इनपुट.डिस्पॅच-माउस-इव्हेंट तीनदा: हलवा, दाबा, सोडा. दाबताना आणि सोडताना बटण डावं आणि क्लिक-काउंट १ द्या. क्लिक-काउंट दिला नाही तर तो ० धरला जातो. माउस दाबला जातो, सुटतो, पण क्लिक घडत नाही.

वडोदऱ्यात काम करताना टायपिंगला वेगळं लक्ष द्यावं लागतं. ग्राहकाचं नाव गुजरातीत, पत्ता इंग्रजीत, आणि एखाद्या मंडळाच्या पावतीवर मराठी. देवनागरी किंवा गुजराती मजकूर एकेक की दाबून पाठवायचा प्रयत्न करू नका. "श्री" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत चार कोड असतात, आणि प्रत्येक कोडनंतर पान शोध सुरू करतं. इनपुट.इन्सर्ट-टेक्स्टने पूर्ण शब्द एकदम घाला. त्याने इनपुट इव्हेंट घडतो, पण की-डाऊन आणि की-अप घडत नाहीत. एखादी सुचवणीची यादी की-अपवर उघडत असेल तर शेवटी बाणाची किंवा एंटरची की वेगळी पाठवा.

तपासा: टाइप केल्यावर खान्यात आलेलं परत वाचा आणि पाठवलेल्या मजकुराशी ताडा. आधीचं लिहिलेलं न पुसता पुढे जोडलं गेलेलं नाव इथेच सापडतं.

## टप्पा ७: दारावरच्या टकटकी

काही इव्हेंट नुसती बातमी देत नाहीत, उत्तर मागतात. उत्तर दिलं नाही तर पान जागच्या जागी थांबतं.

"नक्की हटवायचं का?" अशी खिडकी उघडली की पेज.जावास्क्रिप्ट-डायलॉग-ओपनिंग येतो. पेज डोमेन चालू असेल तर पेज.हँडल-जावास्क्रिप्ट-डायलॉग पाठवेपर्यंत पान अडलेलं राहतं, आणि ज्या क्लिकने ती खिडकी उघडली त्या क्लिकचं उत्तरही तोवर येत नाही. म्हणून टप्पा ३ मधली वेगळ्या टास्कची शिस्त. "क्लिकचं उत्तर आलं की खिडकी हाताळू" असा विचार केलात तर दोघंही एकमेकांची वाट पाहत राहतील. आणि सरसकट "हो" म्हणू नका. खिडकीतला मजकूर वाचा, ओळखीचा असेल तरच होकार द्या.

फेच.एनेबल केलं की जुळणारी प्रत्येक विनंती थांबवली जाते. प्रत्येकीला पुढे जाऊ द्या, उत्तर द्या किंवा नापास करा. एकही विसरू नका. पॅटर्न शक्य तितका अरुंद ठेवा.

डाउनलोडसाठी ब्राउझर.सेट-डाउनलोड-बिहेवियरमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या आणि इव्हेंट चालू करा. काम झालं की नाही हे ब्राउझर.डाउनलोड-प्रोग्रेसमधल्या कम्प्लीटेड अवस्थेवरून ठरवा. फोल्डरमध्ये फाइल दिसली म्हणून ती पूर्ण झाली असं धरू नका.

## टप्पा ८: पीडीएफ

पेज.प्रिंट-टू-पीडीएफ मुळात अमेरिकन लेटर आकार धरतं, ८.५ बाय ११ इंच. ए४ साठी ८.२७ आणि ११.६९ द्या. मोठ्या फाइलसाठी उत्तर स्ट्रीममध्ये मागवा आणि आयओ.रीडने तुकड्यांत वाचा.

लिनक्स सर्व्हरवर मराठी-गुजरातीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाहीत. नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स गुजराती बसवा. वेबफॉन्ट असेल तर डॉक्युमेंटचे फॉन्ट तयार होईपर्यंत थांबून मगच छापा.

## टप्पा ९: बंद करणं, आणि पुढचं अपडेट

काम झालं की ब्राउझर.क्लोज पाठवा. प्रोसेस मारून टाकणं हा शेवटचा उपाय; त्याने प्रोफाइलमधल्या ताज्या कुकी लिहिल्याविना जाऊ शकतात. चालू असताना टार्गेट.टार्गेट-क्रॅश्ड आणि टार्गेट.डिटॅच्ड-फ्रॉम-टार्गेट ऐकत राहा. टॅब कोसळला तर नवा टॅब उघडून त्या चलनापासून पुन्हा सुरुवात करा. त्यासाठी कोणतं चलन पूर्ण झालं याची नोंद स्क्रिप्टच्या बाहेर, फाइलमध्ये ठेवलेली हवी.

प्रत्येक जाणारा-येणारा संदेश वेळेसकट लॉगमध्ये लिहा, पासवर्ड, ओटीपी आणि कुकी गाळून. हाताने एखादी कमांड करून पाहायची असेल तर डेव्हटूल्समधला प्रोटोकॉल मॉनिटर उघडा. तिथे संदेश जाताना-येताना दिसतात.

क्रोमची आवृत्ती कामाच्या मशिनवर बांधून ठेवा. वाढवायची असेल तेव्हा नव्या आवृत्तीची /जेसन/प्रोटोकॉल फाइल उतरवा आणि टप्पा १ मध्ये जतन केलेल्या फाइलशी ताडा. तुम्ही वापरता त्या कमांडपैकी एखादी गेली, तिचा पॅरामीटर बदलला किंवा ती प्रायोगिक ठरली असेल तर ते तिथेच दिसतं. मग टप्पा ३ ची पन्नास कमांडची चाचणी, एक खरं चलन, एक मुद्दाम उघडलेली होकाराची खिडकी आणि एक हाताने बंद केलेला टॅब, एवढं नव्या आवृत्तीवर चालवून पाहा आणि मगच रात्रीचं काम तिच्यावर सोपवा.